साठ होड्यांपर्यंत सबुरी

मेक्सिको सरकारच्या कुठल्याशा कार्यालयातील अनामिक तक्ताकार साहेबांस,

जुलै 2021 मध्ये आपण काढलेला तक्ता वाचून धन्य झालो. कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला, सान फेलिपेसमोर, वाकिता या डॉल्फिनच्या छोट्या भाऊबंदासाठी राखलेला एक छोटा पट्टा आहे. तिथे एकही होडी शिरता कामा नये, असा नियम होता. आपण त्याला श्रेणी लावलीत. होड्या किती दिसतात त्यावर कारवाई किती ते ठरणार, आणि साठांहून जास्त होड्या वारंवार दिसल्या तरच खरी शिक्षा! आमच्या मंत्रालयातले मुरलेले बाबूसुद्धा हे वाचून टोपी काढतील.

होड्यांची मोजदाद चालू असताना पाण्याखाली काय होतं, ते फाइलीत आलं नसेल. वाकिता जेमतेम दीड मीटरची, डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखी काळी वर्तुळं. तोतोआबा मासाही साधारण तेवढाच, त्यामुळे त्याच्यासाठी विणलेल्या जाळ्याच्या आसांत तीही अडकते. अडकली की श्वासासाठी वर येता येत नाही. गुदमरून मरते. तिला कुणी खात नाही, विकत नाही. हवी असते ती तोतोआबाच्या पोटातली हवेची पिशवी, चीनमध्ये हजारो डॉलर किलोने जाणारी. (घोळ माशाच्या भोताचा भाव ठाऊक असलेल्या आमच्या पालघरच्या कोळ्यांना हे समजावावं लागणार नाही.) तोतोआबा पकडायला 1975 पासूनच बंदी आहे, हे आपलं जाता जाता.

2017 मध्ये वाकिता पकडून सांभाळायचा घाट घातला गेला. एक मादी दगावली आणि तोही गुंडाळला.

खरं सांगू? रागाच्या भरातही तुमची कीव येते. मच्छीमारांची नुकसानभरपाई वरच्यांनी बंद केली, तस्कर रोख मोजतात, गस्तीच्या जहाजावर पेट्रोलबॉम्ब पडतात. अशा वेळी खुर्चीतल्या माणसाच्या हाती पट्टी-पेन्सिलच उरते. पण म्हणून साठ? साठ होड्या म्हणजे किती किलोमीटर जाळं, याचा हिशेब करायला कुणी अडवलं होतं?

2022 मध्ये तुमच्याच नौदलाने तिथे जाळी अडकतील असे हुक लावलेले काँक्रीटचे ठोकळे बुडवले आणि त्या पट्ट्यातली जाळी झपाट्याने कमी झाली. ठोकळा होड्या मोजत बसत नाही.

1997 च्या अंदाजानुसार वाकिता 567 होत्या. 2024 च्या पाहणीत दिसल्या सहा ते आठ. तेव्हा साहेब, पुन्हा तक्ता आखायची हुक्की आलीच, तर पहिल्या रकान्यात 'एक होडी' लिहा आणि दुसरा रकाना आखूच नका.

आपला,
एक त्रासलेला वाचक