पुढच्या महिन्यात काय वाचायचं?

‘मुलगी फक्त चांगली हवी, बाकी आमची काही अट नाही,’ असं म्हणणाऱ्यांच्या अटी पोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत जशा वाढत जातात, तसंच सामाजिक भान असलेल्या वाचनगटाचं पुस्तक ठरवताना होतं. पुस्तक समाजाचं वास्तव मांडणारं हवं, एवढीच सुरुवातीची अपेक्षा. मग हळूहळू कळतं की ते फार जाड नको, किंमत चारशेच्या आत हवी, बोलीभाषा असली तर झेपेल इतपतच असावी आणि दिवाळीच्या महिन्यात तरी रडवणारं नको.

आमचा गट ठाण्यातला. बहुतेकजण पन्नाशी ओलांडलेले. दोन तरुण मुली अधूनमधून येतात. त्या आल्या की आम्हाला आपली चळवळ झाल्यासारखं वाटतं. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, त्यामुळे ‘पुस्तक मिळालंच नाही’ ही सबब इथे टिकत नाही. ‘मिळालं, पण शेवटची काही पानं राहिली’ ही टिकते. वाचलेल्या पुस्तकावर तासभर बोलणं होतं आणि पुढच्या पुस्तकावर दीड तास. खरा रस तिथेच असतो, कारण न वाचलेल्या पुस्तकाबद्दल सगळेच मोकळेपणाने बोलू शकतात.

बँकेतून निवृत्त झालेले काका दर वेळी ‘गुलामगिरी’ सुचवतात. जोतीराव फुल्यांनी 1873 साली हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, हे ते दर वेळी सांगतात आणि आम्ही दर वेळी ‘हो का!’ म्हणतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘ते तर वाचलंच पाहिजे.’ आमच्यात ‘वाचलंच पाहिजे’ हा शेरा बसलेलं पुस्तक सहसा वाचलं जात नाही. ‘बलुतं’ची अडचण याच्या उलट. ते सगळ्यांनी कॉलेजात असताना वाचलेलं आहे. आत नेमकं काय आहे ते कुणी सांगत नाही, पण वाचलेलं आहे.

गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मात्र एकमताने ठरलं. वारल्यांची वेठबिगारी, जमीनदारांचा जाच, 1945 सालचा उठाव. डहाणू-तलासरी भागातली ही हकीकत, तर चर्चाही तिथेच जाऊन करू, अशी टूम निघाली. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. दोन दिवसांत चर्चेचा विषय बदलून चिकूच्या वाडीतलं रिसॉर्ट, तिथलं जेवण आणि पोहण्याचा तलाव असा झाला. वाडी मूळची कुणाची, हा प्रश्न पुस्तक वाचलेल्या एका मुलीने विचारला. त्याला अंगठा मिळाला नाही.

मला सगळ्यात लक्षात राहिली ती ‘झाडाझडती’ची संध्याकाळ. विश्वास पाटलांची धरणग्रस्तांवरची ही कादंबरी 1991 मधली, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालेली. निवड झटकन झाली होती, कारण त्यात दोषी म्हणजे सरकार, आणि सरकार आमच्या गटात येत नाही. सगळे सरकारवर मनसोक्त तुटून पडले. कोपऱ्यात एक गृहस्थ बसले होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, एरवी फक्त चहाला ‘हो’ म्हणणारे. ते म्हणाले, ‘झाडांचा पंचनामा मी केलाय.’ फळ देणाऱ्या झाडाला भरपाईचा दर जास्त, न देणाऱ्याला कमी. मोजणीला हे लोक पोचले ते जूनअखेर, आंबा उतरून गेल्यावर. शेतकरी म्हणत होता, मागच्याच महिन्यात पाट्या भरून आंबा उतरवलाय. वरचे साहेब म्हणाले, आत्ता फळ दिसतंय का? नाही ना? मग ‘न देणारं’ लिहा. ‘मी लिहिलं,’ गृहस्थ म्हणाले. ‘अक्षर माझंच आहे.’

त्यावर लेखकाच्या निवेदनशैलीचा मुद्दा कुणाला काढवेना.

माझ्या मते गटाची ती सगळ्यात चांगली बैठक. पण तिचा परिणाम असा झाला की पुढचं पुस्तक निवडताना सगळे जपून बोलू लागले. सावकारावरचं पुस्तक सुचवलं की बँकवाले काका खुर्चीत सरकून बसतात. शाळेतल्या भेदभावाचं नाव काढलं की दोन निवृत्त मुख्याध्यापिका एकमेकींकडे बघतात. झोपडपट्टीवरचं नको, कारण एकांच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं चाललंय आणि शेजारची वस्ती त्यात आडवी आलीय. आम्हाला अन्यायाचं पुस्तक हवंच असतं. फक्त त्यात आपल्यापैकी कुणी सापडायला नको.

अशात एका मुलीने ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ सुचवलं. बुलढाण्याच्या या बाईने 1882 साली, सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेच्या अर्भकहत्येच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीला धारेवर धरलं तेव्हा संतापून लिहिलेलं हे पुस्तक. त्यावर टीका झाली. जोतीरावांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. पुढे ते असं विस्मरणात गेलं की 1975 साली स. गं. मालश्यांनी पुन्हा छापेपर्यंत त्याचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं.

‘भाषा जरा तिखट आहे,’ एक काका म्हणाले. ‘एकांगी वाटतं,’ दुसरे म्हणाले. त्यांनी पर्याय म्हणून ज्या दोन कादंबऱ्या सुचवल्या, त्या दोन्हींत नायिका पहिल्यापासून शेवटपर्यंत सोसते आणि तोंडातून ब्र काढत नाही. बाईचं दुःख आमच्या गटाला मनापासून आवडतं. तिने उलट विचारलं की मग शैलीचे दोष दिसू लागतात. गटातल्या एक ज्येष्ठ मावशी इतका वेळ लोकरीचं काही विणत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘तिखट किती ते खाल्ल्याशिवाय कसं कळणार? दोघांपैकी कुणी वाचलंय?’

कुणी वाचलं नव्हतं. तरी वाद चाललाच असता. पण त्या मुलीने पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. ते इतकं पातळ निघालं की विरोध जागच्या जागी मावळला. ‘एवढंच होय? मग घ्या की,’ तिखट म्हणणारे काकाच म्हणाले. वर स्वतःचं नाव त्यांनी चर्चा सुरू करणाऱ्यांत पहिलं लिहायला लावलं.

त्याच्या पुढच्या महिन्यासाठी आत्तापासूनच एक गट नेमाड्यांच्या ‘हिंदू’साठी जोर लावतोय. पानं सहाशेच्या घरात आहेत. ते घेतलं तर निदान दिवाळीपर्यंत कुणाला काही ठरवावं लागणार नाही, असा हिशेब दिसतो.