साठा बरोबर आढळला

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' हे आमच्या जिल्ह्याचे ब्रीदवाक्य ज्या महाभागाने रचले, त्याच्या ध्यानीमनी बिअर खचितच नसावी. कारण जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज बिअरमध्ये काही घालू नये असे फर्मान बव्हेरियात 1516 सालीच निघाले, आणि आमच्याकडे मात्र अजूनही बिअर येते ती मोठ्या कारखान्याच्या बाटलीत बंद होऊन, परमिट रूमच्या फ्रीजमधून. जागच्या जागी मुरवलेली ताजी बिअर चाखायची तर पुणे गाठावे लागते, जिथे 2009 साली 'डूलाली'ने या उद्योगाचा श्रीगणेशा केला. मित्रमंडळींत बिअरच्या रसास्वादावर मी जी व्याख्याने देतो, त्यांची सर्व सामग्री आजवर बाटलीवरच्या लेबलातूनच घेतलेली असल्यामुळे, प्रत्यक्ष अभ्यासार्थ मी रात्रीच्या गाडीने निघालो. आणि सोबत म्हणून, अथवा घरच्यांनी ठेवलेली पाळत म्हणून, माझे चुलते तात्या निघाले.

तात्यांची उभी हयात आबकारी खात्यात गेली, आणि दारूच्या दरवळात इतकी वर्षे काढूनही त्यांनी तिचा थेंब जिभेला लावला नाही. गंगाखेड, परळी, लातूर मी झोपेत ओलांडले, कुर्डुवाडीस तात्यांनी मला हलवून उठवले आणि विचारले, "परवाना घेतलास का?" महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 अद्याप जिवंत असून त्यान्वये पिणाऱ्याजवळ परवाना लागतो, हे त्यांनी कलमवार समजावून सांगेपर्यंत दौंड आले.

पुण्यातल्या मुंढव्याच्या एका ब्रुअरीत काचेच्या भिंतीआड पोलादी टाक्या चकचकत होत्या. मी चाखण्यापुरते चार छोटे पेले मागवले. पहिला गव्हाच्या बिअरचा होता. तिला लवंग आणि केळ्याचा जो वास येतो तो त्या वस्तूंचा नसून यीस्टचा, हे वाक्य मी उच्चारणार, इतक्यात तात्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला काचेचा हायड्रोमीटर काढून माझ्या पेल्यात सोडला. पेला आखूड, नळी लांब. ती कडेला टेकली. तेव्हा तात्यांनी चारही पेले पाण्याच्या ग्लासात रिते केले, आणि बुडबुडे नळीला चिकटून आकडा खोटा दाखवतात म्हणून तो सर्व ऐवज या ग्लासातून त्या ग्लासात, चहा निववावा तसा, फेस मरेपर्यंत वरखाली केला. मग चष्मा कपाळावर सारून, डोळा द्रवाच्या पातळीशी आणून, त्यांनी आकडा डायरीत टिपला.

एवढे पाहून व्यवस्थापक धावत आला. "साहेब, आधी कळवलं असतं तर..." असे पुटपुटत त्याने उत्पादनाचे रजिस्टर आणून ठेवले. आपण निवृत्त आहोत, असे तात्यांनी स्पष्ट सांगितले. परंतु खरा साहेबही आधी असेच सांगत असावा, अशा समजुतीने त्याने साठ्याचेही रजिस्टर आणले. रुजवात घालताना तात्यांच्या मुद्रेवर जे तेज चढले, ते मी त्यांच्या निवृत्तीनंतर प्रथमच पाहिले. बेरजा तपासल्या गेल्या, टाक्या मोजल्या गेल्या. मी मात्र त्या कोमट, निस्तेज मिश्रणासमोर दुपारभर तिष्ठत राहिलो. कोरेगाव पार्क आणि बालेवाडी येथील ब्रुअऱ्यांचे दर्शन मी रिक्षातून, रस्त्यावरूनच घेतले.

मुंढव्याहून निघण्यापूर्वी खरा प्रलय झाला. व्यवस्थापकाने हात जोडून, "बिल कसलं साहेब," असे म्हणताच तात्या कडाडले, "लाच देतोस? सबंध नोकरीत चहा नाही घेतला कुणाचा!" पूर्ण बिल, करासह, मागवण्यात आले; आणि ते, अर्थात, मी भरले.

स्टेशनवर मी रुसून बसलो होतो. "तात्या, निदान एक घोट तरी घेऊ द्यायचा होता," मी म्हणालो.

तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जिंतूरकडं एका तांड्यावर एक बाई मोहाची काढायची. नवरा मेलेला, पदरी दोन लेकरं. मडकी धुवून उन्हात पालथी घातलेली असायची, या पोरांच्या टाक्यांसारखी लख्ख. मी हातानं फोडली ती. ती रडली नाही बघ. खापऱ्या गोळा करायली होती, लेकरांच्या पायांत जातील म्हणून."

मला काही सुचेना. गाडीची घोषणा झाली. तात्यांनी माझ्या खिशातून बिल काढले, घडी उलगडली आणि जुन्या सवयीने शेवटच्या आकड्यापर्यंत बोट फिरवले.

"तिला दंड केला, अन् पावती मीच फाडली," ते म्हणाले. "इथं एका पेल्याचे चारशे घ्यायलेत, अन् पावती पिणाऱ्यालाच द्यायलेत."