त्र्याहत्तर ग्रॅमची चूल

न्यूझीलंडमध्ये माणसं वजनाबद्दल फार बोलतात. स्वतःच्या नव्हे, स्टोच्या. ऑफिसात चहाच्या वेळी कुणीतरी सहज विचारतं, ‘तुझा स्टो किती ग्रॅमचा?’ आपण म्हणावं, ‘असेल अर्धा किलो.’ त्यावर समोरचा क्षणभर गप्प होतो आणि पावसाचा विषय काढतो. दुसऱ्याच्या घरच्या दुःखद गोष्टी इथे कुणी खोदून विचारत नाही.

रानावनातून पाठीवर बोजा घेऊन चालण्याला इथे ट्रॅम्पिंग म्हणतात, आणि ते खूळ जुनं आहे. वेलिंग्टनचा टारारुआ ट्रॅम्पिंग क्लब १९१९ सालचा. निसर्गसंवर्धन खात्याच्या, ज्याला सगळे ‘डॉक’ म्हणतात त्याच्या, नऊशेहून जास्त हट देशभर डोंगरात विखुरलेल्या आहेत. हटमध्ये झोपायला फळी मिळते, बहुतेक ठिकाणी गादी मिळते, टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी मिळतं. जेवण मिळत नाही. मिलफर्ड ट्रॅकवरच्या एका हटचं नावच ‘डम्पलिंग’ आहे, पण तिथे डम्पलिंगही मिळत नाही. हरिश्चंद्रगडावर धापा टाकत पोचलं की ‘दादा, पिठलं-भाकरी टाकू का?’ असं विचारणारी मावशी असते. इथे मावशी नाही. स्वयंपाकघर पाठीवर, आणि पाठ आपलीच.

म्हणून हा ग्रॅमचा हिशेब. १९८७ साली सुरू झालेली ‘काठमांडू’ नावाची दुकानं गावोगाव आहेत. तसल्याच एका दुकानात पोऱ्यानं माझ्या तळहातावर एक स्टो ठेवला आणि म्हणाला, ‘त्र्याहत्तर ग्रॅम.’ तीन दुमडते पाय, एक नॉब, एक बर्नर. मी म्हटलं, ‘बाकीचा कुठे आहे?’ बाकीचा नसतो. खाली गॅसची डबी आट्यांवर फिरवून बसवायची, वर भांडं ठेवायचं, झालं. आणखी हलका हवा असेल तर पंचवीस ग्रॅमचाही निघतो. त्याचे पाय इतके बारीक असतात, की त्यावर पातेलं ठेवताना कुलदैवताचं नाव आपोआप तोंडात येतं. दुसऱ्या टोकाला भांडं आणि बर्नर एकमेकांत बसणारी जेटबॉइलसारखी यंत्रं. ती अर्धा लिटर पाणी दोनेक मिनिटांत उकळतात, आणि खरं सांगायचं तर पाणी उकळण्यापलीकडे त्यांना कशातच रस नसतो. इन्व्हरकार्गिलमध्ये तयार होणारी सुक्या जेवणाची पाकिटं फाडायची, त्यात उकळतं पाणी ओतायचं, वाट बघायची, आणि पाकिटातूनच चमच्यानं खायचं. अशा माणसाला तो स्टो पुरतो. आपण अशी माणसं आहोत का, हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. आमच्या घरी तो सासूबाईंनी विचारला.

सासूबाई चिपळूणहून आल्या होत्या आणि आमचा बेत अ‍ॅबल टास्मनच्या किनाऱ्यावरून ट्रॅम्पिंगचा होता. मिलफर्ड, रूटबर्न, केपलर या वाटांवर हंगामात हटमध्ये गॅसच्या शेगड्या असतात, फक्त भांडी आपली न्यावी लागतात. अ‍ॅबल टास्मनच्या हटमध्ये शेगडीही नाही. म्हणजे स्टो हवाच. मी तो डायनिंग टेबलवर मांडून दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला.

‘अहो, यावर डाळ कशी शिजायची?’

‘डाळ नाही न्यायची, आई.’

‘बरं,’ म्हणाल्या. त्या ‘बरं’मध्ये आमच्या लग्नापासूनच्या सगळ्या शंका होत्या.

मग मी शास्त्र काढलं. २३० ग्रॅम गॅसची डबी पूर्ण आचेवर साधारण तासभर पुरते. तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजवायची तर डाळीबरोबर डबीही शिजते. शिवाय उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. माउंट कुकजवळची म्युलर हट १८०० मीटरवर आहे, तिथे ९४ अंशांनाच उकळी फुटते, डाळ दगडासारखी राहते.

‘आपण समुद्रावर चाललोय ना?’

‘हो.’

‘मग कुकर घेऊ. गॅस वाचेल.’

छोट्या कुकरचंही वजन नाही म्हटलं तरी दीड किलोच्या आसपास. मी ते सांगितलं. त्यावर बायकोनं शांतपणे आठवण करून दिली, की अ‍ॅबल टास्मनला काइटेरीटेरीहून बोटी सुटतात, त्या माणसांबरोबर बोचकीही नेतात, आणि आई बोटीनंच येणार आहेत. म्हणजे वजन बोट उचलणार. हलक्या स्टोच्या बाजूनं केलेली माझी सगळी वकिली तिथे बुडाली. ग्रॅमवाल्यांच्या पोथीत बोटीवर अध्याय नाही.

आता थोडं इंधनाबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. या डब्यांत ब्युटेन, आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं, आपल्या घरच्या लाल सिलिंडरातल्या गॅसचेच भाऊबंद. ब्युटेनची वाफ शून्य अंशाच्या जरा खाली व्हायची थांबते, आयसोब्युटेनची उणे बाराच्या आसपास, प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत हटत नाही. स्वस्त डबीत नुसतं ब्युटेन भरलेलं असतं. डोंगरावरच्या गारठ्यात पहाटे ती हातात हलवली तर आत गॅस खळखळतो, बाहेर मात्र येत नाही. अनुभवी ट्रॅम्पर डबी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपतात. वारा लागतो म्हणून स्टोभोवती पत्र्याचा आडोसा पूर्ण वेढून लावायचा मोह होतो, तो टाळावा: उष्णता खाली डबीवर परतते आणि डबी फुटू शकते. तंबूच्या आतही स्टो पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एवढं मी अजिबात विनोद न करता सांगतो.

आमच्या आजीला या डब्यांचं हसू आलं असतं. तिच्याकडे पितळी पंपाचा रॉकेलचा स्टो होता. आधी स्पिरिटनं बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, मग पिन, मग पुन्हा पंप, आणि मग तो असा फरफरायचा की शेजाऱ्यांना कळायचं आमच्याकडे चहा टाकलाय. स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्टनं १८९२ साली धूर न करणारा असा स्टो बनवला आणि त्याला प्रायमस नाव मिळालं. पुढे प्रायमस ध्रुवावर गेला, एव्हरेस्टवर गेला. २९ मे १९५३ च्या पहाटे एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर, २७,९०० फुटांवर, एडमंड हिलरीचे बूट रात्रभर बाहेर राहून लाकडासारखे गोठले होते. तेन्झिंग शेजारी, बाहेर शिखर, आणि हे गृहस्थ तंबूत प्रायमसवर बूट शेकत बसलेले. जगातल्या सगळ्यात उंच स्वयंपाकघरातला त्या दिवशीचा मोठा पदार्थ म्हणजे बूट. इथल्या पाच डॉलरच्या नोटेवर हिलरींचं चित्र आहे, स्टोचं नाही. माझ्या मते हा अन्याय आहे.

न्यूझीलंडची स्वतःची चूल वेगळीच. जॉन अ‍ॅशली हार्ट यांनी १९२९ साली काढलेली थर्मेट. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी मोठ्यानं हसलो, कारण तो आमच्या आजोळच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब होता, फक्त धुवून आटलेला. मधोमध धुराडं, भोवती पाणी, खालून चिपाडं घालायची. वारा जितका जास्त तितकं पाणी लवकर उकळतं, आणि वाऱ्याची या देशाला कधी टंचाई पडलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात न्यूझीलंडचे सैनिक उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात तिच्यावर चहा करत. तिला ‘बेंगाझी बॉयलर’ असं नाव पडलं. मला ती घ्यायची फार इच्छा होती. पण उन्हाळ्यात रान वाळलं की उघड्या जाळावर बंदी येते, गॅसच्या स्टोला सहसा मुभा असते. शिवाय बायकोनं विचारलं, ‘तिच्यात आंघोळीचं पाणी तापेल का?’ नाही म्हटल्यावर तो विषय संपला.

उरली भांडी. तिथेही दोन पंथ आहेत. श्रीमंत पंथ टिटॅनियमचा. पाऊण लिटरचं भांडं शंभरेक ग्रॅमचं, किंमत अशी की ते भांडं घरी कपाटात कुलपात ठेवावंसं वाटतं. टिटॅनियम खरं तर अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जड धातू आहे. पण मजबूत, म्हणून पत्रा फार पातळ काढता येतो. मात्र उष्णता पसरवायला तो कमालीचा नालायक, अ‍ॅल्युमिनियमच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. बर्नर जिथे लागतो तिथेच तापतो. पाणी उकळायला ठीक, पण त्यात बेसन घातलं की मधोमध काळी टिकली आणि कडेला कच्चं पीठ. आपलं खाणं ढवळण्याचं, आटवण्याचं, वाफ काढण्याचं. त्याला जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलंच हवं. फार तर त्याचा सुशिक्षित भाऊ, वर कडक थर दिलेलं हार्ड अ‍ॅनोडाइज्ड. लिटरभराचं एक भांडं, झाकण, आणि दुमडत्या मुठीऐवजी सांडशी. सांडशीला इथले ट्रॅम्पर फार हेव्यानं बघतात. केपलरच्या वाटेवर लक्समोर हटजवळ एका किआनंही बघितलं. किआ हा पर्वतात राहणारा पोपट, अतिशय हुशार आणि कमालीचा उचल्या. बुटाच्या नाड्या सोडतो, मोटारीचं रबर उपटतो. माझ्या झाकणाची रबरी मूठ त्यानं उपटून नेली. सांडशी जड पडली म्हणून वाचली.

सासूबाईंचा प्रश्न मात्र तसाच होता, आणि उत्तरही त्यांनीच दिलं. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी बेसन खमंग भाजलं, तेलात मोहरी, जिरं, हिंग, वाळवलेला लसूण, हळद, तिखट अशी फोडणी करून त्यात मिसळली, मीठ घातलं आणि ते कोरडं पीठ पिशवीत भरलं. शिवाय पोहे, मेतकूट, दशम्या. अ‍ॅबल टास्मनच्या वाटेवर, अँकरेजच्या किनाऱ्यावर, संध्याकाळी तो त्र्याहत्तर ग्रॅमचा स्टो पेटला, पाण्याला आधण आलं, पीठ पडलं, पाच मिनिटांत पिठलं. डबीतला गॅस जेमतेम वापरला गेला. शेजारी एक तरुण जोडपं पाकिटात पाणी ओतून वाट बघत बसलं होतं. ते उठून आमच्याकडे आलं आणि पिठलं खाऊन विचारू लागलं, हे कुठल्या कंपनीचं? सासूबाई म्हणाल्या, ‘चिपळूण.’ मुलीनं फोनमध्ये ते टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तर स्टो बाहेरच काढावा लागला नाही. दडपे पोहे. हलक्यातला हलका स्टो म्हणजे तो, जो पेटवावाच लागत नाही, आणि तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

तेव्हा माझा निकाल साधा आहे. आधी काय खायचं ते ठरवा, मग स्टो घ्या. दुकानदार नेमकं उलटं करायला लावतो. नुसतं उकळतं पाणी हवं असेल तर जेटबॉइल आणि टिटॅनियम. पिठलं, उपमा, खिचडी करायची असेल तर डबीवर फिरवून बसणारा साधा, आच कमी होणारा स्टो आणि अ‍ॅल्युमिनियमचं भांडं. तूरडाळीशिवाय चालतच नसेल तर कुकर आणि बोट.

भारतातून येणाऱ्यांना आणखी एवढंच. गॅसची डबी विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, ती इथे उतरल्यावर घ्या. वापरलेला स्टो, भांडी, तंबू, बूट घासून, माती काढून आणा आणि प्रवासाच्या फॉर्मवर ते आणल्याचं सांगा. खाण्याचे पदार्थही सांगा, आणि मध आणूच नका. लपवलेलं सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड बसतो, आणि तेवढ्यात चांगला स्टो, दोन भांडी आणि वर चार डब्या येतात. हटवर कचऱ्याची पेटी नसते, रिकामी डबी परत खाली आणायची असते. सांडशी मात्र घरूनच घेऊन या.