स्वहस्ते कॉफी, स्वनेत्रे चित्र : एक उपयुक्त जाबता

नगर शहरात सावेडीच्या बाजूस अलीकडे असे एक दुकान निघाले आहे की, ज्यात शिरलेल्या गृहस्थास आपण कॉफी प्यायला आलो, चित्रे पाहायला आलो, की केवळ थंड हवा खायला आलो, याचा उलगडा बराच वेळ होत नाही. आणि झालाच, तरी कॉफी आणून देणारा इसम कोठेच दृष्टीस न पडल्यामुळे तो पुन्हा साशंक होतो. वर चित्रे, चित्रांखाली किमती, किमतींखाली टेबले आणि टेबलांवर ‘कृपया आपली ऑर्डर काउंटरवरून स्वतः न्यावी’ अशी पाटी, ही त्या मिळकतीची चतुःसीमा होय. दुकानाचे नाव सांगत नाही. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांची मुले त्यांना एक ना एक दिवस तेथे नेणारच आहेत.

प्रस्तुत जाबता पोक्त व पेन्शनर वर्गाच्या उपयोगार्थ रचला असून, त्यास निमित्त आमचे एक स्नेही झाले. ते भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. तालुक्यातील निम्म्या बांधांचे तंटे त्यांनी साखळी टाकून मिटवले आणि उरलेले निम्मे, त्यांच्या विरोधकांच्या मते, त्यांनीच लावले. हा जाबता त्यांना उद्देशून आहे हे त्यांच्या कानावर जाऊ नये, एवढी मेहेरबानी वाचकांनी करावी.

पूर्वपीठिका

पेयपानाच्या जागी चित्रे टांगणे ही आजची टूम नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे, म्हणजे निम्मी भीती जाते. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यातून बाहेर पडलेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी चहाच्या हॉटेलांच्या भिंतींवर आपली जी वहिवाट कायम केली, ती पुढे चित्रकार मुळगावकरांच्या देवतांनी आणि गुळाच्या व्यापाऱ्यांच्या दिनदर्शिकांनी निर्वेध चालवली. मुंबईत काळ्या घोड्याजवळ जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले, आणि त्याच्याच एका अरुंद, लांबट पडवीत उषा खन्ना यांनी १९६४ साली ‘समोवार’ नावाचे उपाहारगृह काढले. भिंतीपलीकडे चित्र न विकले गेलेला चित्रकार येथे पुदिन्याचा चहा घेऊन दुपार काढू शके, आणि त्याला कोणी उठवीत नसे. मार्च २०१५ अखेर ते बंद झाले, तेव्हा ज्यांनी आयुष्यात एकही चित्र विकत घेतले नव्हते अशा मंडळींनीही गळा काढला, आणि तो खरा होता.

आपल्या नगरासही चित्रांचे वावडे कधी नव्हते. प्रमोद कांबळे यांनी महावीर कलादालनात पेन्सिलीने रेखाटलेले, शेकडो नामवंतांच्या चेहऱ्यांचे भिंतभर चित्र ज्याने पाहिले नाही, त्याने सावेडीत जाऊन मान तिरकी करण्यापूर्वी ते पाहून यावे. तेथे कॉफी मिळत नाही, त्यामुळे लक्ष विचलित होत नाही.

कलम १ : प्रवेश

दार काचेचे असते. एवढे स्मरणात ठेवले तरी पुरे.

कलम २ : मागणी

काउंटरमागील फळ्यावर खडूने लिहिलेली नावे वाचून गांगरू नये. ती सर्व एकाच अर्काची निरनिराळी खाती आहेत. बारीक दळलेली, गच्च दाबलेली भुकटी, तिच्यातून हवेच्या नऊपट दाबाखाली पंचवीस-तीस सेकंदांत पार केलेले गरम पाणी, आणि खाली उतरलेले दोन घोट, हे मूळ खाते, म्हणजे एस्प्रेसो. त्यात पाणी जमा केले की अमेरिकानो, दूध जमा केले की लाटे, आणि दुधाबरोबर फेसही भरपूर जमा केला की कापुचिनो. मात्र दूध फार तापवलेले नसते. साठ-पासष्ट अंशांपुढे नेले तर त्याची गोडी मरते, असे काउंटरवरील मुलगा सांगतो आणि ते खरे आहे. तेव्हा ‘उकळून दे’ असा हुकूम सोडू नये. ज्यांना उकळलेलेच हवे त्यांनी माळीवाड्याच्या स्टँडवर जावे. तेथील चहा कोणत्याही कलेची बाजू घेत नाही.

कॉफी साखरेविना येते, ही बाब स्वतंत्रपणे नमूद करणे भाग आहे. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्यानंतर जेथे तालुक्यागणिक धुराडी उठली, त्या जिल्ह्यातील मनुष्यापुढे बिनसाखरेचा पेला ठेवणे हा आमच्या स्नेह्यांच्या मते सरळसरळ सहकारद्रोह होय. तथापि साखरेची सोय कोपऱ्यातील मेजावर केलेली असते, आणि तेथूनच पुढील प्रश्न उद्भवतो.

कलम ३ : साखर, नॅपकिन व इतर बेवारस जिनसा

या मेजावर साखरेच्या पुड्या, लाकडी काड्या व कागदी नॅपकिन कोणाच्याही पहाऱ्याविना पडलेले असतात. शनिशिंगणापूर आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथे परंपरेने घरांना दारे नसतात, आणि २०११ साली युको बँकेने तेथे शाखा काढली तीही कुलपाशिवाय. त्या गावच्या शेजाऱ्यांनी पुड्या खिशात घालणे शोभत नाही. एका पेल्यास दोन पुड्या, फार तर तीन. आमच्या स्नेह्यांच्या सदऱ्याच्या खिशातून, धुण्यापूर्वी, ज्या जिनसा निघाल्या त्यांचा पंचनामा वहिनींनी केलेला आहे. तो येथे जोडत नाही.

कलम ४ : चकती

पैसे रुजू केल्यावर हाती एक काळी, गोल चकती मिळते. ती घेऊन आपल्या जागी बसावे. कॉफी तयार झाली की ती चकती आपोआप तांबडे दिवे लावून टेबलावर थरथरू लागते. प्रथमच जाणाऱ्यास याची आगाऊ कल्पना द्यावी, कारण आमच्या स्नेह्यांना ती न दिल्याने त्यांनी ती चकती चाळशीच्या घरावर दाबून धरली आणि ‘अहो, हिला काहीतरी होतंय!’ असे मोठ्याने जाहीर केले, त्यावर पलीकडील टेबलावरची कॉलेजची मुलगी उठून आली आणि म्हणाली, “काका, कॉफी झाली तुमची. आणायची तिकडून.”

“कोणी आणायची?”

“तुम्हीच, काका.”

हा संवाद वाटतो तितका क्षुल्लक नाही. आमच्या पिढीतील पुरुषाने भरलेला कप उचलून चार पावलेही चालल्याचा दाखला सापडत नाही. कप आपल्यापाशी येत असे. कचेरीत शिपाई आणी, घरी कोण आणी हे सांगायला नको, आणि हॉटेलात पोऱ्या एका हातात पाच पेले धरून येई. त्यामुळे ट्रे दोन्ही हातांनी, छातीसमोर, पातळी राखून धरावा आणि नजर ट्रेवर न ठेवता जाण्याच्या दिशेने ठेवावी, हे साधे तंत्रही लेखी द्यावे लागते. ट्रे हाती असता चित्राकडे पाहू नये. चित्र पळून जात नाही. कॉफी जाते, आणि बहुधा दुसऱ्याच्या अंगावर.

कलम ५ : आसन

चित्राखालील खुर्ची टाळावी. तेथे बसलेल्या मनुष्यासमोर दर थोड्या वेळाने एक अनोळखी जोडपे येऊन उभे राहते, त्याच्या डोक्यावर दीड हात अंतरावर टक लावते, मान वाकडी करते, काहीतरी पुटपुटते आणि निघून जाते. आणि तो बिचारा तोंडातील सँडविच चावावे की गिळावे या विवंचनेत, आपणच प्रदर्शनास ठेवलो आहोत की काय, अशा चेहऱ्याने बसून राहतो.

येथे विनोद बाजूस ठेवून एक तक्रार नोंदवतो. या रचनेत खरा तोटा चित्रकाराचा होतो. बहुतेक लोक भिडस्त असतात. ज्या चित्राखाली कोणी खात बसले आहे त्याच्या जवळ ते जातच नाहीत, आणि खिडकीकडील सर्वांत चांगल्या उजेडातील चार चित्रे महिनाभर कोणाच्या डोळ्याखालून न जाता उतरवली जातात. मालकांनी भिंत आणि टेबल यांच्यामध्ये माणूस जाईल एवढी वाट सोडावी. तसेच कॉफीच्या यंत्रालगतच्या भिंतीस जलरंगातील चित्रे टांगू नयेत. वाफेने कागद लाटा धरतो, काचेच्या आत बुरशी बसते, आणि मग धुक्यातील घाट म्हणून जे विकले जाते ते मुळात धुक्यातील नव्हते. हे आम्ही एका मालकास समक्ष सांगितले. त्यांनी आम्हांस सवलतीचे कूपन दिले.

ग्राहकाने आपल्यापुरती तोड काढावी : सकाळी अकराच्या सुमारास जावे. तेव्हा टेबले रिकामी असतात.

कलम ६ : अवलोकन

प्रथम चित्र, मग चिठ्ठी. उलटा क्रम केल्यास चित्राऐवजी किंमत दिसू लागते. चित्राच्या कर्णाच्या दीडपट-दुपटीवर उभे राहून सबंध पाहावे, मग जवळ जाऊन कुंचला कसा फिरला ते पाहावे. काचेत आपलेच तोंड दिसत असल्यास एक पाऊल बाजूस सरावे. चिठ्ठीवर तांबडा ठिपका असेल तर चित्र विकले गेले असे समजावे. तो ठिपका नखाने खरवडू नये.

आमचे स्नेही मात्र प्रथम टेप काढतात. “अठरा बाय चोवीस इंच, म्हणजे तीन चौरस फूट. बारा हजार. फुटाला चार हजार पडले! अहो, या भावात फ्लॅट येतो, पार्किंगसकट.” हे ऐकून लाजेने आमची मान खाली गेली असता, कोपऱ्यात थंड झालेली कॉफी पुढ्यात घेऊन बसलेला एक तरुण उठून आला. तो चित्रकारच होता. तो म्हणाला, “बरोबर आहे काका, आम्ही किंमत क्षेत्रफळावरच लावतो. चौरस इंचावर. नाहीतर मोठं कमी आणि लहान जास्त असा घोळ होतो.” तेव्हापासून आमचे स्नेही कलेच्या बाबतीत आमचे मत विचारीत नाहीत.

कलम ७ : दुरुस्त्या

चित्रात काय कमी आहे, हे चित्रकारास सांगू नये. ‘आमची नातसुद्धा असंच काढते’ हे तर मुळीच नाही. याविषयी आपल्या शहराचा एक जुना दाखला आहे. १५६५ च्या सुमारास निजामशाही दरबारात हुसेन निजामशहाच्या स्तुतिपर ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित तयार झाले, ते आज पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात आहे; दख्खनी चित्रकलेच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. त्यात राणी खुंजा हुमायून राजाच्या शेजारी बसलेली दाखवली होती. पुढे ती कोणाच्या तरी डोळ्यांत खुपली, आणि बहुतेक चित्रांतून तिची आकृती रंग फासून नाहीशी करण्यात आली. राजा आहे, गादी आहे, आणि शेजारी नुसता डाग. ही हकीकत सांगितली तेव्हा आमचे स्नेही बराच वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी एवढाच शेरा मारला : “हितसंबंधितांना नोटीस न काढता घेतलेला फेरफार. रद्द होण्यास पात्र.”

कलम ८ : उष्टे कप

स्वतः उचलावेत. चित्रांखालच्या कट्ट्यावर ठेवून येऊ नयेत. लोक ते मांडणीशिल्प समजून त्यांचे फोटो काढतात.

कलम ९ : खरेदी

या कलमाची गरज पडेल असे वाटले नव्हते. तथापि पाथर्डीकडील एका उघड्या माळाच्या जलरंगी चित्रासमोर, ज्यात बाभळीचे एक झाड, दोन शेते आणि त्यांमधला बांध यांखेरीज काही नाही, आमचे स्नेही दर रविवारी जाऊन उभे राहू लागले. आम्हांला त्यात ऊन दिसले, ओसाडी दिसली, आणि ‘करुणरस’ असा एक शब्दही आम्ही त्यांच्यासमोर उच्चारला. ते म्हणाले, “कसला रस! बांध पाहा. डावीकडून कोरलाय. झाडापाशी हातभर आत आलाय. डावीकडचा दरवर्षी एक-एक तास जास्त मारतो, आणि उजवीकडच्याला अजून पत्ता नाही.” आम्ही पाहिले, आणि खरोखरच तो बांध झाडापाशी आत वळला होता. चित्रकाराला विचारले तर तो हसला आणि म्हणाला, “उजवीकडचं आमचं.”

कॉफी निदान काउंटरपर्यंत तरी कोणी आणून ठेवते. चित्राच्या बाबतीत तेवढीही सोय नाही. प्रत्येकाला आपल्याच भांड्याने काढून घ्यावे लागते, आणि ज्याचे भांडे साखळीने मापलेले आहे त्याच्या वाट्याला कधी कधी रसिकांहून अधिक येते, हे या ठिकाणी नाइलाजाने मान्य करतो.

स्नेह्यांनी घासाघीस केली नाही. पावतीवर मात्र चित्राची लांबी-रुंदी लिहून घेतली.

कलम १० : टांगणी

चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर यावा. मागे एक नव्हे, दोन खिळे मारावेत, म्हणजे चित्र कलत नाही. उन्हाची भिंत, न्हाणीघराची भिंत आणि चुलीमागची भिंत वर्ज्य. स्नेह्यांच्या घरी या कामास शिडी, ओळंबा व प्रस्तुत लेखक असा सरंजाम लागला. माप तीनदा घेतले गेले आणि भिंतच ओळंब्यात नसल्याचे सिद्ध झाले. अखेर चित्र लागले. आम्ही दोघे खुर्च्यांवर टेकलो, आणि स्नेह्यांनी जन्मभराच्या शिरस्त्याने आतल्या दाराकडे तोंड करून घसा खाकरला.

आतून वहिनींचा आवाज आला, “दूध ओट्यावर आहे, साखर डब्यात. त्या दुकानात आणता ना हाताने? भावजी, तुम्हीही या आत. आणि माझी बिनसाखरेची.”