मास्तर आणि संतांचा हजेरीपट

वसईहून रोमला निघालेल्या सहलीत एक निवृत्त मास्तर असतातच. इतरांना पोपचं दर्शन हवं असतं, कारंज्यात नाणं टाकायचं असतं, जमल्यास चामड्याची पर्स घ्यायची असते. मास्तरांना हजेरी घ्यायची असते. संतांची. लहानपणी गावच्या देवळात वेदीसेवक असल्यापासून संत हा त्यांचा घरचा विषय.

ही हजेरी ते लॅटरनच्या महामंदिरात सुरू करतात. दोन पुरुषांहून उंच असे बारा संगमरवरी प्रेषित दोन्ही बाजूंना उभे असतात, आणि मास्तर छत्रीच्या टोकानं एकेकाला उठवतात. "तोंडाकडे बघू नका! दाढ्या जवळजवळ सगळ्यांनाच आहेत. हात बघा, हात! किल्ल्या? पेत्र. तलवार? पौल. करवत? शिमोन. तिरपा क्रूस? अंद्रिया. आणि हा स्वतःचंच कातडं घेऊन उभा आहे तो बर्थलमय. जिवंत सोलला त्याला." थोमापाशी ते जरा जास्त रेंगाळतात. परंपरेनं तो भारतात आलेला, म्हणजे आपल्याकडचाच. हातात गवंड्याचा गुण्या.

बारा मोजून झाले की त्यांचा आवाज चढतो. यहुदाच्या रिकाम्या जागी मथियाची रीतसर, चिठ्ठ्या टाकून नेमणूक झाली होती. बायबलात तशी नोंद आहे. तरी इथे बारावा पुतळा पौलाचा! "सेवाज्येष्ठता म्हणून काही आहे की नाही?" असा सवाल ते थेट वेदीकडे बघून करतात. उलट जेरोमवर मेहेरनजर. तो वारला 420 साली, कार्डिनलांना लाल टोपी मिळाली 1245 साली, पण चित्रकारांनी टोपी त्याच्या डोक्यावर कधीच चढवलेली. "मागील तारखेपासून बढती! आम्हाला साधी वेतनश्रेणी मिळेना." जेरोमजवळ सिंह असतो, मार्कजवळही असतो. गोंधळ नको म्हणून मास्तरांचा नियम सोपा: पंख असले तर मार्कचा.

मग खातेवाटप. ज्या हत्यारानं छळलं तेच संताच्या हातात देतात, आणि ते हत्यार ज्यांच्या धंद्याचं, ते लोक त्या संताला आपला आश्रयदाता मानतात. बर्थलमयाकडे कातडी कमावणारे. लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी ब्लेझचं अंग फाडलं, म्हणून लोकर पिंजणारे त्याच्याकडे. शिवाय घशाचे विकार हे जादा काम. अपोलोनियाचे दात पाडले, म्हणून तिच्या हाती चिमटा आणि चिमट्यात दात. तिच्याकडे दंतवैद्य आणि दातदुखीचे रोगी. "लोकांना अक्षर वाचता येत नव्हतं," मास्तर समजावतात. "मग संतांनाच आपली ओळख हातात धरून उभं राहावं लागलं."

फक्त आगाथाच्या चित्रापाशी मास्तरांची पंचाईत होते. तिचे स्तन कापले होते आणि तबकात तेच असतात. घोळक्यातल्या बायका विचारतात, "मास्तर, हिच्या ताटात काय?" मास्तर खाकरतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "पाव. छोटे पाव." ही थाप त्यांची एकट्याची नाही. तिच्या सणाला पाव आशीर्वादित करायची प्रथा आहे, आणि ती अशाच गैरसमजातून आली असं सांगतात.

रात्री जेवणात भाजलेली कोंबडी येते. शेगडीच्या जाळीचे काळे पट्टे दिसले की मास्तरांना लॉरेन्स आठवतो. साल 258, तारीख 10 ऑगस्ट, जागा हेच रोम. जाळीवर भाजत असताना तो म्हणाला म्हणे, ही बाजू झाली, आता उलटा. म्हणूनच तो आचाऱ्यांचा संत. टेबलावरचे काटे हळूहळू खाली ठेवले जातात. मास्तर दुसरी तंगडी वाढून घेतात.

खरी परीक्षा सिस्टिन चॅपलमध्ये. 1541 साली पूर्ण झालेल्या मायकेलअँजेलोच्या 'अंतिम न्याया'त अर्धा हजेरीपट एका भिंतीवर आहे, आणि बोलायला बंदी! रखवालदार "सिलेन्झिओ" म्हणून दटावतो. मास्तर हातवाऱ्यांवर येतात. हवेत करवत चालवतात, फणीनं स्वतःला ओरबाडतात, छातीत बाण घुसवून सेबॅस्टियन होतात. बर्थलमयाच्या हातातल्या कातड्यावरचा चेहरा खुद्द चित्रकाराचा मानतात, पण तो दाखवायचं मास्तर विसरतात. चेहरे त्यांच्या अभ्यासक्रमात नाहीत.

बाहेर पडताना आमच्या टूर मॅनेजरची खूण म्हणजे उंच धरलेली पिवळी छत्री. मास्तर नियमाप्रमाणे तोंडाकडे न बघता छत्रीमागे गेले. ती पोलंडच्या यात्रेकरूंची निघाली.

तासाभरानं सापडले तेव्हा त्यांच्याभोवती कोंडाळं होतं. भाषेचा एक शब्द सामाईक नाही, पण मास्तरांनी जाळीवर कूस बदलली की सगळे एका सुरात लॉरेन्सचं नाव घेत होते. तेवढ्यात एका आजीबाईंनी गाल धरला आणि दोन बोटांच्या चिमट्यानं दात ओढल्यासारखं केलं. मास्तर आनंदानं ओरडले, "अपोलोनिया! शाबास!"

आजीबाईंचा दात खरंच ठणकत होता; त्यांना गोळी हवी होती. मॅनेजरनं तसं समजावलं, तर मास्तर जागचे हलले नाहीत. "मग खातं तेच ना? पूर्ण गुण!"