ऐनवेळचे विषय

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीचे गेली ११ वर्षं सेक्रेटरी आहेत. एवढं सांगितलं की व्यक्तिचित्र खरं तर पुरं होतं. पण ज्यांनी आयुष्यभर सोसायटीच्या सभा चुकवल्या, त्यांच्यासाठी पुढचं लिहिते.

असा माणूस प्रत्येक घराण्यात एक असतो. वऱ्हाडाच्या बसच्या दारात उभं राहून डोकी मोजणारा, आणि एक डोकं कमी भरलं की स्वतःला मोजायला विसरलोय हे शेवटी लक्षात येणारा. तो नसेल तर घराणं कुठे पोचत नाही. तो असेल तर वेळेआधी पोचतं आणि बंद दाराबाहेर उभं राहतं.

ताईचा मुलगा अटलांटात नोकरीला आहे. त्याने सगळ्यांना गेल्या मे महिन्यात फ्लोरिडाचं डिस्नी वर्ल्ड दाखवायचं ठरवलं. सगळे म्हणजे ताई-भावजी, आम्ही दोघं, आमचा साडेसहा वर्षांचा चिनू आणि ८१ वर्षांची आई. मुलाने फोनवर नुसतं ‘येता का?’ विचारलं. ताई ‘बघते हं’ म्हणेपर्यंत भावजींनी लॅपटॉप उघडला होता.

पंधरा दिवसांत त्या एक्सेलच्या फाइलला पाळंमुळं फुटली. सुमारे १०० चौरस किलोमीटरचा तो पसारा, त्यात चार पार्क, म्हणून चार पानं. पाचवं पान पाण्याच्या बाटल्या आणि स्वच्छतागृहांचं. सहावं दशम्या, ठेपले आणि चिवड्याचं, कारण बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे हे त्यांनी नियमावलीत वाचलं होतं. जेवणाच्या जागा ६० दिवस आधी मिळतात, म्हणून आम्ही मार्चमध्येच मेमधल्या एका गुरुवारी काय खाणार हे ठरवून बसलो. आईने विचारलं, “जावईबापू, गुरुवारी माझा उपास असतो, चालेल ना?” भावजींनी शांतपणे नवीन रकाना घातला.

मग तो लायटनिंग लेनचा दिवस. लायटनिंग लेन म्हणजे जादा पैसे भरून आखूड रांगेत उभं राहायची सोय. आतल्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ती सात दिवस आधी, तिथल्या सकाळी सात वाजता घेता येते. तेव्हा डोंबिवलीत संध्याकाळचे साडेचार वाजलेले असतात. भावजींनी ताईला चहा टाकू दिला नाही. डायनिंग टेबलावर तीन फोन, एक टॅब, खाली रंगीत प्रिंट. दारावरची बेल काढून ठेवलेली. बरोबर साडेचारला त्यांनी बोट टेकवलं, आणि दोन वाजून दहा मिनिटांची, सात बुटक्यांच्या खाणगाडीतली आमची जागा पक्की झाली. बारावीच्या निकालाला स्वतःच्या मुलाला जवळ घेतलं नव्हतं, त्या माणसाने ताईला मिठी मारली. मला वाटतं, भावजींची सहल त्या क्षणी संपली. पुढचं सगळं अंमलबजावणी.

आमच्याकडे नेमकं उलट. आमचे हे ‘बघू की’ संप्रदायाचे. लग्नाचा हॉलही त्यांनी ‘बघू की’ म्हणतच बघितला होता. या पंथाचा सिद्धान्त असा की जगात सगळीकडे शेवटी काही ना काही होतंच. त्यांच्या हट्टामुळे पहिला दिवस आम्ही तिघांनी बिनप्लॅनचा घालवला. साडेअकराला निवांत पोचलो. एकाच झोपाळ्यासाठी दीड तास रांगेत उभे राहिलो. चिनू उभ्याउभ्या झोपला आणि ह्यांनी पुढच्या मेक्सिकन कुटुंबाशी क्रिकेट समजावण्याइतकी दोस्ती केली. रात्री ह्यांना विचारलं कसा गेला दिवस, तर म्हणाले, “मजा आली.” भावजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या कागदाची एक जादा प्रत त्यांनी आमच्या दाराखालून सरकवली.

त्या कागदात मला एक ओळ सापडली आणि भावजी मला पहिल्यांदा कळले. ‘२.४० ते ३.१० : ऐनवेळचे विषय.’

सोसायटीच्या विषयपत्रिकेत शेवटी असतो ना, अध्यक्षांच्या परवानगीने येणारा तो विषय? गच्चीची गळती, पार्किंग, चौथ्या मजल्यावरचा कुत्रा, माणसांच्या मनातलं सगळं खरं त्यातच येतं. भावजींनी उत्स्फूर्ततेलाही अर्धा तास दिला होता. खाली ‘पाऊस : ३.३० ते ४.१५’ असंही होतं. उन्हाळ्यात दोन्ही किनाऱ्यांवरचे समुद्री वारे फ्लोरिडाच्या मधोमध भेटतात आणि दुपारी गडगडाट होतो, हे ते आम्हाला भूगोलाच्या मास्तरांसारखं समजावून सांगत. वारे भेटणार हे ठरलेलं, तर वेळही ठरवून टाकलेली बरी.

दुसरा दिवस मॅजिक किंगडमचा. हे पार्क १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं, पण ते उभं करायचं स्वप्न बघणारा वॉल्ट डिस्नी १९६६ च्या डिसेंबरातच गेला होता. भावजींना या माणसाबद्दल आदर आहे, पण आंधळा नाही. त्याचं पहिलं डिस्नीलँड, कॅलिफोर्नियातलं, १७ जुलै १९५५ ला उघडलं तेव्हा खोट्या तिकिटांवर माणसं घुसली, प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे राहिले, आणि उन्हात मऊ पडलेल्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. “वॉल्टकडे पर्यायी व्यवस्था नव्हती,” भावजी म्हणाले. जणू काही वॉल्टने त्या कामाचं टेंडर भावजींना द्यायला हवं होतं.

दुपारी एकपर्यंत सगळं कागदाबरहुकूम. हॉटेलवाल्यांना अर्धा तास आधी आत सोडतात, त्यामुळे दहा वाजेपर्यंत आम्ही एवढं बघितलं होतं की आई म्हणाली, “झालं ना आता? जाऊ या का?”

मग स्पेस माउंटन. अंधारातून सुसाट जाणारी गाडी, आणि बसायला उंची हवी ४४ इंच. चिनू मार्चमध्ये ४३ होता. दर रविवारी भावजी व्हिडिओ कॉलवर त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून माझ्याकडून पट्टी लावून घेत. दूध, केळी, सूर्यनमस्कार. जाड तळव्याचे बूटही त्यांच्याच सांगण्यावरून घेतले. चिनू मापाच्या दांडीखाली उभा राहिला, डोकं टेकलं, तिथली मुलगी हसून ‘या’ म्हणाली. भावजींचे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत. चिनूने आतल्या काळोखाकडे बघितलं आणि म्हणाला, “मला नाही जायचं. मला शू लागलीये.”

पाचव्या पानामुळे तो प्रश्न दोन मिनिटांत सुटला. पण भावजींचा चेहरा उतरला तो उतरलाच. आणि एक पन्नासला आभाळ फाटलं.

वारे एक तास चाळीस मिनिटं आधी भेटले होते. वीज कडाडली की बाहेरच्या राइड थांबवतात, त्यामुळे खाणगाडी बंद. लायटनिंग लेन घेतली आणि लायटनिंगच आलं, असा विनोद ह्यांनी केला. ताईने ह्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्यांनी मेक्सिकोचा विषय काढला.

आम्ही शेजारच्या गोल इमारतीत घुसलो. रांग नाही, गार हवा, मऊ खुर्च्या. नाव ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’. भावजींच्या कागदावर त्यापुढे ‘वगळा’ असं लिहिलेलं. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेला, यंत्राच्या बाहुल्यांचा हा खेळ आहे. एक कुटुंब, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आजपर्यंतचे चार प्रवेश, घरात एकेक यंत्र येत जातं. गंमत अशी की रंगमंच मधोमध स्थिर, आणि प्रेक्षकांच्या खुर्च्याच त्याच्याभोवती फिरतात. पहिला प्रवेश संपला, आम्ही हलायला लागलो, आणि आईने माझा हात घट्ट धरला.

“अगं, हे तर ‘तो मी नव्हेच’! तिथे रंगमंच फिरायचा, इथे आपण फिरतोय.”

१९६२ च्या त्या नाटकाचा फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकर तिने बघितले आहेत. फ्लोरिडात दोन दिवस फिरून तिला ओळखीचं माणूस भेटलं होतं. मग ती खुर्चीत नीट मांडी घालून बसली. पहिल्या प्रवेशातला कपडे धुण्याचा खटाटोप बघून म्हणाली, “आमच्याकडे असंच.” शेवटच्या प्रवेशात त्या घरात बोललेलं ऐकणारा ओव्हन आहे. आजी खेळत असते, कोणीतरी तिचे गुण मोठ्याने सांगतं, ओव्हनला वाटतं तेवढं तापमान हवंय, आणि नाताळाचं जेवण जळून कोळसा. सगळी व्यवस्था चोख, फक्त घरात माणसं होती. आई खळखळून हसली. मी भावजींकडे बघितलं. ते फोनवर ढगांचा नकाशा बघत होते. ओव्हनमधून धूर निघाला तेव्हा त्यांनी मान वर केली आणि फोन खिशात टाकला.

वीस-एकवीस मिनिटांचा खेळ. आई म्हणाली, “परत बघू या.” परत बघितला. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा ठेपल्यांचा डबा हळूच उघडला गेला, चिनू आजीच्या मांडीवर, आणि भावजी पहिल्याच प्रवेशात घोरायला लागले. सकाळी चारला उठले होते बिचारे. खुर्च्या फिरल्या, काळ पुढे गेला, भावजींना पत्ता नाही. ताईने जागं करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

बाहेर आलो तर ऊन. चिनू म्हणाला, आता काळोखातली गाडी. आणि गेलाही, भावजींच्याच दंडाला धरून. उतरल्यावर पाय लटपटत होते ते भावजींचे.

रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर इतिवृत्त आलं. रोज येतं. विषय क्रमांक १ ते ८, वेळा, झालेला खर्च, डॉलर आणि रुपयांत. आणि खाली :

‘विषय क्र. ९, ऐनवेळचे विषय : नियोजित ३० मिनिटे, प्रत्यक्ष ९५ मिनिटे. पाऊस व नाटक. सूचक : आई. अनुमोदक : चि. चिनू. ठराव सर्वानुमते मंजूर. सेक्रेटरी सभेस हजर होते, परंतु चर्चेत भाग घेतला नाही.’