अर्जदार अविवाहित

माय मरो आणि मावशी जगो, ही म्हण ज्याने कोणी काढली त्याच्यावर ती खरी झालेल्या घरी भेटायला जायची वेळ आली नसावी. माझी बहीण आणि भावोजी घाटातल्या अपघातात गेले. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. पण भेटायला येणारी मंडळी आधी मुलांकडे बघायची, मग माझ्याकडे. उसासा टाकून "अगं, म्हणतातच ना, माय म..." इथपर्यंत यायची आणि जीभ चावायची. एका काकूंनी प्रसंगावधान राखून नुसतं "मावशी जगो" एवढंच म्हटलं. मी वाकून नमस्कार केला. बेचाळिसाव्या वर्षी असा बिनअटीचा आशीर्वाद कोण देतं?

तोवर माझं बरं चाललं होतं. एकटा जीव सदाशिव, आणि पत्ताही सदाशिव पेठेतलाच. आठवडाभर घरी बसून लोकांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची, शुक्रवारी रात्री पाठीला सॅक अडकवून मिळेल ती एसटी पकडायची, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खालचं कोकण बघायचं आणि रविवारी रात्री पिठलं-भाकरीचे ढेकर देत परत यायचं. फ्रिजमध्ये एक लिंबू, दोन बिअर आणि कॅमेऱ्याचे सेल. "तुला काय बाई, तू मोकळी," असं शेजारपाजार म्हणायचा. त्यात थोडी कीव, थोडा हेवा आणि बराचसा ठपका असे.

तेराव्याचं जेवण झालं आणि बैठक बसली. अशा बैठकीला माणसं आपापली अडचण घेऊन येतात आणि सोबत पुरावाही आणतात. मुलांच्या काकांचं घर तीन खोल्यांचं, पण त्यातली एक देवाची. एका चुलतमामांचे चिरंजीव पुढच्या वर्षी बारावीला, त्यामुळे त्या घरात दोन वर्षं कोणी मोठ्याने खोकायचंही नव्हतं. एका मामींना बीपी. रिपोर्ट पर्समध्येच होता. माझ्या आईच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला. मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "तुला काय, तू मोकळीच!" वीस वर्षं जो माझ्या पत्रिकेतला दोष होता, तो सुपारी कातरून व्हायच्या आत माझी पात्रता ठरला.

थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊचा. ते दोघं, एक सायकल, दप्तरं, कपड्यांच्या बॅगा आणि थोरलीने सबंध प्रवासभर मांडीवर धरलेली गोड्या मसाल्याची बरणी, एवढा ऐवज माझ्या दीड खोलीत दाखल झाला. बिअर बाहेर काढून दुधाला जागा केली.

मुलं आली म्हणून मी पालक झाले नव्हते, हे मला बँकेत कळलं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे बाप आणि त्याच्यानंतर आई. मावशीला म्हणीत जागा आहे, तिथे नाही. भावोजींची ठेव, विमा, गावाकडची काही गुंठे जमीन, सगळ्यालाच कोर्टाचा कागद हवा. म्हणून 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करायचं ठरलं. वकीलबाईंनी मसुदा वाचून दाखवला: "अर्जदार अविवाहित, सुशिक्षित, निर्व्यसनी..." मी खोकले.

"व्यसन आहे?"

"नाही, आवड आहे. अधूनमधून."

"कोर्टात आवडी सांगायच्या नसतात," म्हणत त्यांनी पान उलटलं.

मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. कोणाची हरकत असल्यास अमुक तारखेच्या आत कळवावी. लग्नाच्या वयापासून आजवर मी काय ल्यावं, कुठे जावं, कोणाबरोबर जावं, या प्रत्येक गोष्टीला हरकत घेणारं माझं सबंध गणगोत त्या मुदतीत चिडीचूप होतं. खोटं कशाला बोलू, शेवटच्या दिवसापर्यंत मीच चोरून पोस्टमनची वाट बघत होते.

या कायद्याच्या सतराव्या कलमात कोर्टाने काय काय बघावं ते दिलंय: मुलाचं वय, लिंग, धर्म, नात्याची जवळीक, पालकाचं चारित्र्य आणि कुवत, आणि मूल जाणतं असेल तर त्याची पसंती. चारित्र्यासाठी मी मैत्रिणीची कॉटनची साडी नेसून गेले. कुवतीपाशी मात्र गाडी अडली. "महिन्याचं उत्पन्न किती?" साहेबांनी विचारलं. "महिन्यावर आहे," मी म्हटलं. वकीलबाईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

पसंती विचारायला मुलांना आत बोलावलं. आत काय झालं ते थोरलीने नंतर घरी साभिनय सांगितलं. साहेबांनी धाकट्याला मायेने विचारलं, "बाळ, तुला कोणाकडे राहायला आवडेल?" हा बाळ तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत गळ्यापर्यंत बुडालेला. त्याने शांतपणे विचारलं, "साहेब, पर्याय काय आहेत?" थोरलीने माझ्यासाठी जास्त सविस्तर दाखला दिला. मावशीला स्वयंपाक येत नाही, सकाळी उठता येत नाही, पण ती कोणाला घाबरत नाही आणि खोटं बोलली की लगेच पकडली जाते. या शेवटच्या गुणावरच हुकूम झाला असावा, असा मला दाट संशय आहे.

दोघं अठरा वर्षांची होईपर्यंत मी कायदेशीर पालक. कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यांची जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही, पाच वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची नाही. सातबारावर दोघांच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालक कर्ता, म्हणून माझं नाव चढलं. तुळस जगवता न आलेली बाई एका रात्रीत बागायतदार!

बाहेरचं कोर्ट त्या मानाने प्रेमळ होतं. घरच्या कोर्टात एकच कलम: "आई असं नाही करायची." डब्यात बटाट्याच्या काचऱ्या, फोडी नाहीत. पोळीची घडी चतकोर, गुंडाळी नाही. वह्यांना खाकी कव्हर घालताना कोपरे आत दुमडायचे, चिकटपट्टी लावणारी माणसं आळशी असतात. धाकट्याने वर्गातून उवा आणल्या आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं फणी घेऊन ओळीने बसलो, तेव्हाही उजेडाकडे पाठ करून बसायचं की तोंड, यावर वाद झाला. तिथेही आईचाच निवाडा चालला. बहीण हयात असताना तिचं एकही ऐकलं नव्हतं मी. आता ती मुलांच्या तोंडून दिवसभर मला सुनावत होती आणि उलट उत्तर द्यायची सोय राहिली नव्हती.

गोडा मसाला थोरलीच्या ताब्यात. आमटीच्या वेळी ती बरणी काढायची, अर्धा चमचा मोजून द्यायची आणि परत कपाटात ठेवायची. मग सपाट अर्धा. मग पाव. आमटी दिवसेंदिवस फिकी होत चालली, तरी धाकटासुद्धा अवाक्षर काढत नव्हता. आणि हा मुलगा पोह्यांत शेंगदाणे कमी पडले तर घर डोक्यावर घेणारा! शेवटी मीच बहिणीची पाककृतींची वही शोधली. तीत लिहिलेलं: धणे एक किलो, खोबरं अर्धा, तीळ पाव. दगडफूल बेताने. नागकेशर बेताने. भाजणे नेहमीप्रमाणे.

त्या नेहमीप्रमाणेसमोर आम्ही तिघं बराच वेळ बसलो.

शेवटी भवानी पेठेत गेलो. "दगडफूल किती देऊ?" दुकानदाराने विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बेतानं." त्याने मान वर न करता पन्नास ग्रॅम तोलून पुडी बांधली. भाजायला थोरली उलथनं घेऊन आणि धाकटा मोबाइलवर सेकंद मोजत उभा. खोबऱ्याची पहिली खेप काळी झाली, दुसरी कच्ची राहिली, तिसरी जमली. तोवर धूर जिन्यातून वर गेला आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा बादली घेऊन खाली आले. त्यांना चहा दिला. बादली त्यांनी तशीच ठेवून दिली, लागेल म्हणून.

मसाला दळून आला. धाकट्याने आमटीचा भुरका मारला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "वास आईचा आहे. चव तुझी आहे." मग तीनदा भात घेतला.

सहा महिन्यांच्या आत पाल्यांच्या मालमत्तेची यादी कोर्टात द्यायची होती: स्थावर, जंगम, हाती आलेले पैसे आणि देणी-घेणी. दुधाच्या रतिबाचा हिशोब कालनिर्णयावर लिहायची शिस्तही मला तेव्हा नव्हती. मी कागद घेऊन बसले तशी दोघंही शेजारी येऊन बसली. जमीन, ठेव, विम्याची रक्कम, बहिणीच्या पाटल्या, सायकल. थोरलीने स्वतःच्या अक्षरात भर घातली: "गोडा मसाला (आईचा), दोन चमचे." वकीलबाईंनी ती ओळ खोडली, नाशवंत जिन्नस धरत नाहीत म्हणाल्या. थोरलीने चष्मा सावरून विचारलं, "कोणत्या कलमाखाली?" वकीलबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि ती ओळ पुन्हा लिहून काढली.

मग त्या येण्याच्या रकान्याकडे वळल्या आणि थबकल्या. तिथे धाकट्याने पेन्सिलीने नोंद केली होती: "मावशीकडून येणे रु. 200. माझ्या गल्ल्यातून दूधवाल्याला दिले. अजून परत नाही."

"अहो, हे आधी फेडा," वकीलबाई म्हणाल्या. "पालकानेच पाल्याचा पैसा वापरला, असं कोर्टापुढे जायला नको."

मी तिथल्या तिथे फेडले. पर्स रिकामी होती, म्हणून थोरलीकडून उसने घेतले.